भागीदार आणि भागधारक : ओव्हरेंड-गर्नी पेढीचे रूपांतर व जुन्या देण्यांचा प्रश्न

१

मराठीत 'भागीदार' आणि 'भागधारक' हे दोन शब्द व्यापारी व कायदेविषयक लेखनात शेजारी शेजारी वावरतात. पहिल्यातील 'दार' हा प्रत्यय फारसीतून आला आहे; दुसऱ्यातील 'धारक' हे पद संस्कृत 'धृ' धातूपासून साधले आहे. परंतु फारसी 'दाश्तन्' या क्रियापदातील 'दार्' हे अंग आणि संस्कृत 'धृ' ही दोन्ही एकाच प्राचीन इंडो-इराणी धातूची अपत्ये होत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच ठरतो : भाग धारण करणारा. कायद्याने मात्र या दोन भावंडांच्या वाट्यास अगदी भिन्न प्रारब्ध दिले आहे. भागीदाराच्या पेढीने काढलेले कर्ज फिटले नाही, तर धनको त्याच्या राहत्या घरापर्यंत पोचू शकतो. भागधारकाने आपल्या भागाची दर्शनी किंमत एकदा पुरती भरली की कंपनीच्या धनकोस त्याच्याकडे मागण्यासारखे काही उरत नाही.

आता अशी कल्पना करावी की, एखादी भागीदारीची पेढी विशिष्ट दिवशी कंपनी म्हणून नोंदली गेली. दुकान तेच, गुमास्ते तेच, दारावरच्या पाटीवरील नावही बहुतांशी तेच. कालचे भागीदार आज भागधारक झाले. मग कालपर्यंत पेढीने केलेले देणे कोणाचे? व्यापारी वर्गात व कित्येकदा सुशिक्षितांतही अशी समजूत आढळते की, नावापुढे 'लिमिटेड' हा शब्द लागला म्हणजे मागचे सारे देणे त्या शब्दाच्या आड गेले. ही समजूत चुकीची आहे. परंतु ती चुकीची आहे एवढे सांगून भागत नाही. कारण जुने भागीदार देण्यातून सुटत नसतील, तर रूपांतराने नेमके काय बदलते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचे उत्तर शोधण्यास लंडनच्या ओव्हरेंड, गर्नी आणि कंपनी या पेढीच्या इतिहासाइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

२

ऋण हे दोन व्यक्तींमधील नाते आहे आणि ते एका बाजूच्या इच्छेने तुटत नाही, ही जाणीव फार जुनी आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'ऋणादान' हे पहिले आहे, व एकत्र येऊन केलेला व्यापार, म्हणजे 'संभूयसमुत्थान', हे चौथे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनकीचे दर्शन, प्रत्यय आणि दान असे तीन प्रकार सांगितले असून, पहिल्या दोन प्रकारांत जामीनदार मरण पावला तर त्याचा मुलगा बांधील नसतो, तिसऱ्या प्रकारात मात्र असतो, असा विवेक केला आहे. कोणते देणे व्यक्तीबरोबर संपते आणि कोणते तिच्या मागे उरते, याचा विचार येथील शास्त्रकारांनीही बारकाईने केला होता, एवढे यावरून दिसते.

इंग्लंडात हा प्रश्न भागीदारीच्या संदर्भात उभा राहिला तो १८१६ च्या सुप्रसिद्ध 'क्लेटन खटल्या'त. डिव्हेन्स, डॉज, नोबल आणि कंपनी या लंडनमधील बँकेच्या भागीदारांपैकी विल्यम डिव्हेन्स हा १८०९ मध्ये मरण पावला. उरलेल्या भागीदारांनी जुन्याच नावाने धंदा चालविला आणि १८१० मध्ये त्यांचे दिवाळे वाजले. क्लेटन हा त्या बँकेचा ठेवीदार होता. डिव्हेन्सच्या मृत्यूच्या दिवशी जी रक्कम आपल्या खात्यावर होती तिची भरपाई डिव्हेन्सच्या मालमत्तेतून मिळावी, अशी त्याची मागणी होती. मास्टर ऑफ द रोल्स सर विल्यम ग्रँट यांनी ती फेटाळली. डिव्हेन्सच्या पश्चात क्लेटनने त्याच खात्यातून जुन्या शिलकेहून अधिक रक्कम काढली होती व नवी भरलीही होती. चालू खात्यात पैसे काढले जातात ते क्रमाने सर्वांत जुन्या शिलकेतून काढले असे मानावयाचे, असा नियम न्यायालयाने घालून दिला. त्यामुळे डिव्हेन्सच्या काळातील देणे फिटले होते; क्लेटनचे जे येणे उरले ते नव्या भागीदारांकडून.

या निकालातील तत्त्व दोन पदरी आहे. जुना भागीदार मरणाने किंवा निवृत्तीने आपोआप मुक्त होत नाही, हा पहिला पदर. धनकोने नव्या मालकांशी निमूटपणे व्यवहार चालू ठेवला तर जुने देणे हळूहळू झिजत जाते, हा दुसरा. पाटीवरील नाव न बदलल्याने क्लेटनच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. त्याच्या नकळत, त्याच्याच देवघेवीने, त्याचा ऋणको मात्र पालटला होता.

३

भागीदारी सोडून दुसरा मार्ग सर्वसामान्य व्यापाऱ्यास त्या काळी खुला नव्हता. १८४४ च्या कायद्याने इंग्लंडात कंपन्यांची नोंदणी सुरू झाली, परंतु सभासदांची जबाबदारी अमर्याद राहिली. १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा झाला. १८५६ व १८६२ च्या कायद्यांनी त्यास व्यापक व व्यवस्थित रूप दिले. हा बदल विरोधाशिवाय झाला नाही. मनुष्याने आपल्या कृत्यांचे फळ पुरतेपणी भोगावे, ऋण बुडविण्याची कायदेशीर सोय करून देऊ नये, असा आक्षेप तेव्हा जोराने घेतला जात होता. त्यास कायद्याने दिलेले उत्तर भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. 'लिमिटेड' हा शब्द कंपनीच्या नावाचा अखेरचा शब्द असलाच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. ते नाव कचेरीच्या बाहेर ठळक अक्षरांत रंगविलेले असावे, हुंडीवर व पत्रव्यवहारात ते पूर्ण लिहावे, अशीही तरतूद झाली. कंपनीचे नाव नीट न लिहिलेल्या हुंडीवर एखाद्या अधिकाऱ्याने सही केली व कंपनीने ती भरली नाही, तर १८६२ च्या कायद्यान्वये तो स्वतः तिच्या रकमेस जबाबदार धरला जाई.

एका विशेषणावर कायद्याने एवढा भार टाकिला, याचे कारण उघड आहे. धनकोस पूर्वसूचना देण्याचे ते साधन होते. ज्याच्याशी व्यवहार करावयाचा त्याच्या मागे कोणाचे घरदार उभे नाही, हे त्यास त्या शब्दावरून कळावे. मराठीत आपण त्यास 'मर्यादित' असे म्हणतो. व्याकरणदृष्ट्या हे विशेषण कंपनीचे. अर्थदृष्ट्या ते सभासदांच्या जबाबदारीचे. कंपनीची स्वतःची जबाबदारी मुळीच मर्यादित नसते. ती आपल्या शेवटच्या पैशापर्यंत बांधील असते. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेविली पाहिजे. तो शब्द पुढे होणाऱ्या व्यवहारांविषयी सूचना देतो. तो लागण्यापूर्वी ज्याने पैसे दिले, त्याने ती सूचना पाहिलेली नसते. म्हणून मागच्या देण्यांना त्या शब्दाचा आडोसा मिळण्याचे तात्त्विक कारणच उरत नाही.

४

ओव्हरेंड-गर्नी ही पेढी लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर होती. नॉर्विचच्या क्वेकर पंथीय गर्नी घराण्याशी तिचा निकट संबंध होता. हुंड्या वटविणे हा तिचा मुख्य धंदा. आपल्याकडील सराफी पेढ्यांच्या व्यवहाराशी त्याचे मूलतः साम्य आहे. प्रमाण मात्र प्रचंड होते. देशभरच्या बँका आपले शिलकी पैसे या पेढीकडे ठेवीत व पेढी त्यातून हुंड्या विकत घेई. सॅम्युअल गर्नी हयात असेतोवर 'बँकांची बँक' असा तिचा लौकिक होता व बँक ऑफ इंग्लंडच्या खालोखाल तिची पत मानली जाई. १८५६ मध्ये तो वारला. त्यानंतरच्या भागीदारांनी जहाज-कंपन्या, लोखंडाचे कारखाने, रेल्वे अशा ठिकाणी दीर्घ मुदतीने पैसे गुंतविले. मागणी करताच परत द्यावयाच्या ठेवी आणि वर्षानुवर्षे मोकळा न होणारा पैसा यांचा मेळ बसेना. १८६५ च्या सुमारास पेढीस सुमारे तीस लाख पौंडांची खोट होती. लोकांना याचा सुगावा नव्हता. पत नावाला चिकटलेली होती आणि नाव निष्कलंक होते.

जुलै १८६५ मध्ये या पेढीचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. नव्या कंपनीचे भांडवल पन्नास लाख पौंडांचे : पन्नास पौंडांचा एक असे एक लाख भाग. प्रत्येक भागापोटी पंधरा पौंड मागविण्यात आले, पस्तीस पौंड मागणी होईल तेव्हा भरावयाचे राहिले. धंद्याच्या नावलौकिकाबद्दल जुन्या भागीदारांना पाच लाख पौंड देण्याचे ठरले. त्यांतील निम्मे रोख व निम्मे भागांच्या रूपाने. कंपनीने १ ऑगस्टपासून धंदा ताब्यात घ्यावयाचा होता. जी येणी-देणी कंपनीकडे जातील त्यांत तोटा आल्यास तो जुने भागीदार भरून देतील, असे आश्वासन माहितीपत्रकात होते. जुन्या भागीदारांपैकी काही जण संचालक मंडळावरही राहणार होते.

हे आश्वासन खोटे नव्हते, अपुरे होते. रूपांतराचे दस्तऐवज दोन होते. एकाचा उल्लेख माहितीपत्रकात होता व तो वकिलांच्या कचेरीत पाहावयास मिळे. दुसरा, ज्यात बुडीत व संशयास्पद खात्यांची वेगळी व्यवस्था केली होती, तो जाहीर केला गेला नाही. तो जाहीर करावयाचा म्हणजे पेढी नादार आहे असे जाहीर करण्यासारखेच होते. जुन्या भागीदारांची खाजगी मालमत्ता मोठी होती. ती व धंद्याचा पुढील नफा यांच्या बळावर ही खोट कालांतराने भरून निघेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे जुन्या देण्यांबद्दलची आपली वैयक्तिक जबाबदारी त्यांनी नाकारली नव्हती, उलट नव्या करारान्वये ती लेखी स्वीकारली होती. त्यांनी झाकून ठेविले ते त्या जबाबदारीचे आकारमान.

लोकांनी भाग उत्साहाने घेतले व काही काळ ते दर्शनी भरण्यापेक्षा चढ्या भावाने विकले गेले. जुन्या ठेवीदारांनीही आपले व्यवहार नव्या कंपनीशी पुढे चालू ठेविले. क्लेटन खटल्यातील ठेवीदाराप्रमाणे यांच्याही दृष्टीने पेढी तीच होती.

५

गुरुवार, १० मे १८६६ रोजी दुपारी कंपनीने देणी भागविणे बंद केले. त्या वेळी तिचे देणे सुमारे एक कोटी दहा लाख पौंडांचे होते. दुसरा दिवस लंडनच्या इतिहासात 'काळा शुक्रवार' म्हणून नमूद झाला. बँकांच्या दारांशी ठेवीदारांची झुंबड उडाली. १८४४ च्या कायद्याने नोटा काढण्यावर घातलेली मर्यादा गरज पडल्यास ओलांडण्याची मुभा सरकारने बँक ऑफ इंग्लंडला दिली, व बँकेचा व्याजदर दहा टक्क्यांवर जाऊन तेथे सुमारे तीन महिने टिकला. वॉल्टर बॅजट याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लोंबार्ड स्ट्रीट' या ग्रंथामागे याच अनर्थाचा अनुभव होता.

या आघाताची झळ मुंबईसही लागली. अमेरिकन यादवी युद्ध १८६५ च्या वसंतात संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतील भागांच्या सट्ट्याचा फुगा फुटला. त्यातून शहर सावरते न सावरते तोच लंडनचा हा धक्का आला. जून १८६६ मध्ये 'आग्रा अँड मास्टरमन्स' या बँकेने देणी थांबविली. ही बँक हिंदुस्थानात व्यवहार करणारी आग्रा बँक व लंडनमधील मास्टरमन, पीटर्स, मिल्ड्रेड आणि कंपनी ही खाजगी पेढी यांच्या एकीकरणातून १८६४ मध्ये निर्माण झाली होती. भागीदारीची पेढी कंपनीत विलीन करण्याची लाट त्या काळी किती प्रबळ होती, हे यावरून दिसून येते.

ओव्हरेंड कंपनी गुंडाळण्याचे काम लिक्विडेटरांकडे गेले आणि प्रत्येक भागामागील न भरलेल्या पस्तीस पौंडांवर त्यांची दृष्टी वळली. भागधारकांनी प्रतिकार केला. त्यांचे म्हणणे असे की, आम्हांस फसवून भाग घ्यावयास लाविले. फसवणुकीने झालेला करार रद्द होतो. म्हणून आम्ही सभासदच नव्हे. 'ओक्स विरुद्ध टर्क्वंड' या खटल्यात १८६७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हे म्हणणे मान्य केले नाही. फसवणुकीने झालेला करार मुळात शून्य नसतो, फसलेल्याने तो नाकारीपर्यंत टिकून असतो. आणि कंपनी गुंडाळण्यास प्रारंभ झाल्यावर मध्ये धनकोंचे हक्क उभे राहतात, त्यानंतर तो नाकारता येत नाही, असा निर्णय झाला. सभासदांच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याने न भरलेली रक्कम धनकोंसाठी भरलीच पाहिजे.

मग भागधारकांनी जुन्या भागीदारांकडे व संचालकांकडे मोर्चा वळविला. डिसेंबर १८६९ मध्ये संचालकांवर फौजदारी खटला चालला. मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांच्यासमोर ज्यूरीने त्यांस निर्दोष ठरविले. आपला धंदा सावरेल असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता व त्यांची स्वतःची संपत्तीही त्यात पणास लागली होती, ही गोष्ट त्यांच्या उपयोगी पडली. कंपनीच्या वतीने संचालकांविरुद्ध केलेला नुकसानभरपाईचा दावा १८७२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे निकालात निघाला. असला धंदा विकत घेणे अविचाराचे असले तरी ते कंपनीच्या अधिकारकक्षेत होते, असे ठरले. 'पीक विरुद्ध गर्नी' या १८७३ च्या खटल्यात न्यायालयाने माहितीपत्रक दिशाभूल करणारे होते हे मानले. परंतु ते मूळ भाग मागणाऱ्यांस उद्देशून होते, बाजारात मागाहून भाग विकत घेणाऱ्यास त्याच्या आधारे दाद मागता येत नाही, असा निवाडा दिला.

६

या सर्व निकालांचा एकत्रित विचार केला म्हणजे एक विलक्षण चित्र दिसते. मर्यादित जबाबदारीच्या विरोधकांस अशी भीती होती की, भागीदार कंपनीच्या आड लपतील व धनको बुडतील. ओव्हरेंडच्या बाबतीत घडले ते निराळेच. जुन्या भागीदारांनी जुन्या देण्यांची हमी दिली होती व त्या पायी त्यांच्या खाजगी मालमत्तेवर संकट आले. धनकोंस जुन्या भागीदारांच्या जोडीला भागधारकांच्या न भरलेल्या भांडवलाचा नवा आधार मिळाला. ज्यांनी जुने कर्ज कधी काढले नव्हते, ज्यांस त्याची माहितीही नव्हती, त्या भागधारकांच्या खिशातून मात्र ते फेडले जाऊ लागले. रूपांतराने ऋण नष्ट झाले नाही, जुना ऋणकोही आपोआप सुटला नाही. ऋणाचा भार उचलणारी एक नवी माणसे त्याच्याखाली आणून उभी करण्यात आली, आणि हे त्यांच्या पुरत्या संमतीवाचून झाले. धनकोस न विचारता ऋणको बदलता येत नाही, हे तत्त्व कायद्याने जपले होते. ऋण शिरावर घेणाऱ्यासही ते किती आहे हे आधी कळले पाहिजे, ही दुसरी बाजू तेव्हा दुर्बळ होती. माहितीपत्रकातील असत्य विधानांबद्दल संचालकांस दिवाणी जबाबदार धरणारा कायदा इंग्लंडात १८९० मध्ये झाला.

या संदर्भात १८९७ च्या 'सॉलोमन' खटल्याचा उल्लेख नेहमी केला जातो. आरॉन सॉलोमन या जोडे बनविणाऱ्या व्यापाऱ्याने आपला धंदा १८९२ मध्ये कंपनीस विकला. २०,००७ भागांपैकी सहा भाग कुटुंबातील माणसांकडे, बाकी सारे त्याच्याकडे. कंपनी बुडाल्यावर तिचे धनको त्याच्या मागे लागले, तेव्हा कंपनी ही सभासदांहून वेगळी व्यक्ती आहे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने निःसंदिग्धपणे सांगितले. हा निकाल जुन्या देण्यांसही लागू आहे अशा थाटात पुष्कळदा सांगितला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. धंदा विकला त्या वेळी त्यावर असलेली सर्व देणी विक्रीच्या रकमेतून फेडण्यात आली होती, हे लॉर्ड मॅक्नॉटन यांच्या निवेदनात स्पष्ट नमूद आहे. दाद मागणारे धनको नव्या कंपनीचे होते. सॉलोमन निर्धास्त राहू शकला, कारण कंपनीचा पडदा उभारण्यापूर्वी त्याने मागची पाटी कोरी केली होती. ओव्हरेंडच्या भागीदारांस ते शक्य नव्हते, आणि तेच त्यांच्या दुर्दैवाचे मूळ होय.

७

हिंदुस्थानात इंग्रजी कायद्यांचे प्रतिबिंब लवकरच उमटले. १८५७ च्या एकोणिसाव्या कायद्याने मर्यादित जबाबदारी येथे आली, १८६० मध्ये ती बँकांनाही लागू झाली, आणि १८६६ च्या दहाव्या कायद्याने या विषयाची एकत्र मांडणी केली. तथापि जुन्या देण्याविषयीचे मूलतत्त्व कंपनीच्या कायद्याहून १८७२ च्या करार कायद्यात अधिक स्वच्छपणे सापडते. त्याच्या ६२ व्या कलमात जुन्या कराराच्या जागी नवा करार येण्याचा, म्हणजे वकिलांच्या भाषेतील 'नोव्हेशन'चा, नियम आहे. त्याखालील उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. 'अ' हा 'ब' चे देणे लागतो. पुढे 'क' ने ऋणको व्हावे असे तिघांत ठरले, तर 'अ' सुटतो. परंतु दुसऱ्या उदाहरणात 'अ' हा 'ब' चे एक हजार रुपये लागतो, 'ब' हा 'क' चे तितकेच लागतो. 'ब' ने 'अ' ला ती रक्कम 'क' च्या नावे जमा करावयास सांगितले, पण 'क' ने संमती दिली नाही. येथे 'ब' चे देणे जसेच्या तसे कायम राहते. 'ब' च्या ठिकाणी जुनी पेढी, 'अ' च्या ठिकाणी नवी कंपनी व 'क' च्या ठिकाणी सूत पुरविणारा एखादा व्यापारी घातला, म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर मिळते. भागीदारांनी कंपनीशी कितीही पक्का करार केला, तरी तो त्या दोघांपुरता. त्या व्यापाऱ्याने होकार दिला नसेल तर त्याचा ऋणको जुना भागीदारच. त्याच कायद्याच्या ६१ व्या कलमात क्लेटन खटल्यातील, जुने देणे आधी फिटते, हा नियमही आला आहे.

१९३२ च्या भागीदारी कायद्याने हे तत्त्व पुढे नेले. २५ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक भागीदार पेढीच्या कृत्यांस सर्वांसह व एकेकटाही जबाबदार असतो. निवृत्त होणाऱ्या भागीदाराची पूर्वीच्या देण्यातून सुटका होण्यास धनकोशी करार लागतो. निवृत्ती कळल्यावरही धनकोने नव्या पेढीशी व्यवहार चालू ठेविला, तर त्यावरून असा करार गृहीत धरता येतो. जाहीर सूचना निघेपर्यंत पुढील व्यवहारांचीही जबाबदारी त्याच्यावर राहते. ही सूचना कशी द्यावी ते ७२ व्या कलमात आहे : सरकारी राजपत्रात, तसेच त्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात. ज्याचे पैसे अडकले आहेत त्यास समजेल अशा भाषेत सांगितल्यावाचून सांगितले असे होत नाही, हा विचार त्यामागे आहे. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या धनकोच्या दृष्टीने मराठी वर्तमानपत्रातील चार ओळींच्या निवेदनास जे कायदेशीर वजन आहे ते येथून आले आहे.

पेढीचे कंपनीत रूपांतर दोन मार्गांनी होते. एक, ओव्हरेंडप्रमाणे नवी कंपनी स्थापून तिला धंदा विकणे. तेथे वरील करारतत्त्वे सरळ लागू होतात. दुसरा, पेढीचीच कंपनी म्हणून नोंदणी करणे. १९५६ च्या कंपनी कायद्याचा नववा भाग यासाठी होता. २०१३ च्या कायद्यात ही तरतूद ३६६ व पुढील कलमांत आहे. पूर्वी किमान सात भागीदार लागत, २०१७ च्या दुरुस्तीने दोन पुरेसे झाले. या दुसऱ्या मार्गाने मालमत्ता आपोआप कंपनीकडे जाते, परंतु नोंदणीपूर्वीच्या देण्यांस बाध येत नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. चालू असलेल्या दाव्यांतील हुकूमनामा एकेका सभासदाच्या चीजवस्तूवर बजावता येत नाही. पण कंपनीची मालमत्ता अपुरी पडली तर ती गुंडाळण्याचा हुकूम मिळतो, आणि गुंडाळताना नोंदणीपूर्वीच्या देण्यांस जो बांधील होता त्यास आपला वाटा भरावा लागतो. धनकोने जुन्या भागीदाराकडे जाण्याची वाट लांबविली आहे, बंद केलेली नाही. शिवाय २०१३ च्या कायद्याने तारणधारी धनकोंची संमती किंवा ना-हरकत आवश्यक केली असून, इंग्रजी व देशी भाषेतील वृत्तपत्रांत जाहिरात देऊन हरकती मागविण्याचेही बंधन घातले आहे. १८६५ मध्ये जो दस्तऐवज झाकला गेला, त्याच्यासारख्या गोष्टी वेळीच उजेडात याव्यात, हा याचा व्यावहारिक अर्थ होय.

या सर्व विकासात एक उलट प्रवाहही आढळतो. कायद्याने मर्यादित केलेली जबाबदारी व्यवहाराने पुन्हा अमर्याद केली आहे. १९२४ च्या सुमारास टाटांची पोलाद कंपनी संकटात असता सर दोराबजी टाटा यांनी आपली खाजगी संपत्ती इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कंपनीसाठी कर्ज उभे केले. कायद्याने त्यांच्यावर ती सक्ती नव्हती. त्यांनी स्वेच्छेने केले ते आज लहान कंपन्यांच्या संचालकांस बहुधा अट म्हणून करावे लागते. बँक कर्ज देताना त्यांची वैयक्तिक हमी मागते. करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या अशा जामीनदारांविरुद्ध २०१६ च्या नादारी संहितेखाली कारवाई करता येऊ लागली व सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. याज्ञवल्क्याने सांगितलेला 'दान'-जामीन असा नव्या वेषात परत आला आहे. पेढीच्या काळात अशी हमी दिलेली असेल, तर पेढीची कंपनी होण्याने तीही आपोआप विरत नाही.

८

'जबाबदार' या शब्दाचा मूळ अर्थ उत्तर बाळगणारा असा आहे. पेढी आणि कंपनी यांच्या कायद्याचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो याच अर्थाभोवती फिरताना दिसतो. धनकोने विचारले असता उत्तर कोणी द्यावयाचे? ज्याच्यावर विश्वास ठेवून त्याने पैसे दिले, त्याने. आणि दुसऱ्या कोणी ते द्यावयाचे असेल तर धनकोच्या अनुमतीने. पाटीवरील नाव तेच ठेवून किंवा त्यास एक विशेषण जोडून हे उत्तर बदलत नाही. क्लेटनच्या खात्यात ते त्याच्याच व्यवहाराने बदलले. सॉलोमनच्या बाबतीत जुना प्रश्न विचारावयास कोणी उरलाच नव्हता. ओव्हरेंडच्या भागीदारांनी उत्तराची तयारी दाखविली, पण प्रश्न केवढा आहे ते सांगितले नाही. त्या मौनाची किंमत त्यांच्याबरोबर अनोळखी भागधारकांनीही मोजली. भागीदाराचा भागधारक होण्यास नोंदणीचा एक दिवस पुरतो. जुन्या धनकोपुरता तो भागीदारच राहतो, जोवर ते देणे फिटत नाही किंवा धनको त्यास शब्दाने अथवा कृतीने मोकळे करीत नाही.